नथ्थूबापूंचे पाय

नथ्थूबापूंचा पायांसकट निघालेला फोटो जगात एकच आहे आणि तो माझ्याकडे आहे. बाकी पुतणीच्या लग्नातला घ्या, नाहीतर मारुतीच्या भंडाऱ्यातला घ्या, कमरेपर्यंत बापू अगदी ठीक असतात. पांढऱ्या मिशा, टोपी, सदऱ्याच्या खिशात अडकवलेला कंगवा, सगळं जिथल्या तिथे. गुडघ्याखाली मात्र नुसतं धुकं. फोटोवाल्याला वाटायचं, आपला कॅमेरा बिघडला. कॅमेरा कशाला बिघडतो? बापूंचे पाय थांबत नसत.

थांबत नसत म्हणजे नसतच. इचोड्याच्या बसस्टँडवर बापू उभे असले की डावा, उजवा, डावा, उजवा, जागच्या जागी चाललेलं असायचं. रेशनच्या रांगेत तेच, देवळात डोळे मिटून हात जोडले तरी तेच. कोणाकडे दुःखाला बसायला गेले तर मांडी घालूनसुद्धा पायाची बोटं आतल्या आत हलत. महादूच्या हॉटेलासमोर जिथे ते चहा प्यायचे तिथे जमिनीत दोन खोलगे पडले होते. पावसाळ्यात त्यांत पाणी साचायचं आणि कोंबड्या प्यायच्या. नवीन माणसाला वाटायचं, म्हाताऱ्याला घाईची लागली असेल. एकदा एका ट्रक ड्रायव्हरनं कळवळून त्यांना धाब्यामागची जागासुद्धा दाखवली होती.

बापू आमच्या गावच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, रुई तुडवणाऱ्या टोळीचे मुकादम. कापसातून सरकी निघाली की उरते ती रुई. ती फुगते फार, म्हणून एका मोठ्या खोलीत टाकून माणसं तिला पायानं तुडवतात, म्हणजे दाबून बसते. बापूंनी हे काम तीस वर्षं केलं. लोक म्हणत, एवढी वर्षं तुडवल्यावर पाय विसरतील कसे? मीही तेच म्हणायचो. माणूस दुसऱ्याबद्दल जेवढ्यास तेवढं समजून घेतो आणि पुढे चालू लागतो.

माझी नि बापूंची गाठ पडली ती माझ्या पोटामुळे. अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वद साल असेल. मी बोथच्या मंडल ऑफिसात कारकून होतो. रोज सकाळी इचोड्याहून बसनं जायचं, दिवसभर पहाणीपत्रकं आणि मिसली, म्हणजे जमिनीच्या फायली, चाळायच्या, संध्याकाळी परत. चहा खुर्चीवर, डबा खुर्चीवर, डुलकीही खुर्चीवरच. पोट सदऱ्याच्या गुंड्यांशी भांडायला लागलं होतं. एके दिवशी बस सुटली म्हणून मी धावलो. दहा पावलं धावलो असेन. कंडक्टरनं हात दिला, मी त्याचा हात धरला आणि दोघंही खाली आलो.

मी धूळ झटकत बसलो होतो, तेव्हा समोर दोन पाय दिसले. डावा, उजवा, डावा, उजवा.

"बाबू," बापू म्हणाले, "तुमचे पाय मले देता काय? सकाळची घडीभर. पोट उतरवून परत करीन."

"काय करणार पायांचं?"

"तुडवून घेतो. तुमी फक्त या. जिनात. उजाडाच्या आंधी. आन् डोक्याले तेल लावून येऊ नका."

घरी सांगितलं तर आमची बायको शांता म्हणाली, "जा ना. शेरभर पीठ मळतानी दम लागत नाई मले, आन् तुमाले जोडे घालतानी लागते. जा."

गेलो. मार्गशीर्षातली पहाट. आदिलाबादकडची थंडी ज्यानं खाल्ली नाही त्याला सांगून उपयोग नाही; इथे थंडी दात मोजते. जिनाच्या फाटकात मुनीमजी बसले होते. त्यांनी खिसे उलटे करायला लावून आगपेटी काढून घेतली, कारण रुईच्या खोलीत काडी म्हणजे घरादाराची होळी. मग नळाखाली पाय धुवायचे, शेटजीच्या रुईला माती लागता कामा नये. त्या पाण्यानं माझी समाधी लागायची वेळ आली. सवयीनं तेल लावून गेलो होतो, म्हणून डोक्याला फडकं बांधावं लागलं. एवढं सगळं होईपर्यंत उजाडलं. मी आत पाऊल टाकलं आणि गप्प झालो.

मी गप्प होणारा माणूस नाही. पण ती खोली तशी होती. भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढरं. वर टिनाच्या पत्र्याला पडलेल्या बारीक भोकांतून उजेडाच्या काड्या खाली उतरल्या होत्या आणि त्या काड्यांत रुईचे तंतू वर चढत होते, घाई नसल्यासारखे. पाऊल टाकलं की मांडीपर्यंत आत, आणि आवाज नाही. स्वतःचा पाय पडला तरी स्वतःला ऐकू येत नाही. लहानपणी तापात पडलो असताना असं वाटायचं, की मी आहे, पण कुठल्या तरी दुसऱ्या गावात आहे. अगदी तसं वाटलं.

आणखी सहा जण आधीच उभे होते. किराणावाला दिगांबर, जो वजनाच्या काट्यावर एकटा मावत नसे, शाळेचे मास्तर, दवाखान्यातला कंपौंडर, आणि तिघं भाजीवाले भाऊ, ज्यांना काही झालेलं नव्हतं, पण दिगांबर धापा टाकताना बघायला मिळतो म्हणून ते यायचे. दाराच्या बाहेर, धूळ लागणार नाही अशा बेतानं, उलट्या टोपल्यावर एक म्हातारा बसला होता. अंगावर घोंगडी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. हा राजन्ना. निर्मलकडचा तेलुगू माणूस, बापूंच्याच टोळीतला. रुईच्या धुळीनं छाती गेली, तेव्हापासून टोळीनं त्याला तुडवण्यातून काढून गिनतीवर बसवलं होतं. राजन्ना गिनायचा आणि टोळी तुडवायची. बापूंना तेलुगू बोलता येत नव्हतं, राजन्नाला मराठी. तीस वर्षं एक जण तेलुगूत बोलला, दुसरा मराठीत, आणि दोघांचं कधी अडलं नाही. दोघांच्याही बायका मागेच गेल्या होत्या आणि राजन्ना बापूंच्याच घरी, बाहेरच्या खोलीत राहायचा.

कायदा सोपा होता. राजन्ना वीस गिनेपर्यंत जीव तोडून तुडवायचं. मग तो सावकाश दहा गिनायचा, तेवढा वेळ उभं राहायचं. की पुन्हा वीस. असे आठ फेरे. मी मनाशी म्हटलं, आठ विसा एकशे साठ, त्यात काय आहे?

"ओकटी, रेंडू, मूडू..." राजन्नानं सुरुवात केली.

आता बघा, जमिनीवर पाय आपटणं वेगळं. रुईत पाय टाकला की ती आत घेते आणि सोडत नाही. उपसून काढावा लागतो. सातव्या गिनतीला माझ्या मांड्या पेटल्या. बाराव्याला मला आई आठवली. विसाव्याला मी "आई गंऽऽ, मेलो" असं म्हणत पालथा पडलो आणि नाकातोंडात रुई गेली.

"मेले नाई," बापू माझ्याशेजारी तुडवत म्हणाले. "मरणारा बोलत नाई. उठा. रुई झोपली पायजे."

हे त्यांचं पेटंट वाक्य. रुई दाबायची नाही, तुडवायची नाही, झोपवायची. "कोपऱ्यातली जागी हाये अजून, पाहा," म्हणायचे. "दिगांबर, तू नाचून राह्यला बावा, तिले झोप कशी येईन? मास्तर, टाच. टाच द्या. पायाले काम द्या, डोकं आपोआप गप्प बसते." आणि हे सगळं स्वतः थांबल्याशिवाय. सत्तरीच्या आसपासचा माणूस, मांडीभर रुईत असा चालायचा की घरातल्या घरात फिरतोय. चौथ्या फेऱ्याला दिगांबरच्या तोंडून भात्यासारखा आवाज यायला लागला, मास्तरांना खोकला लागला, माझं "आई गं मेलो" दर विसाला ठरल्यासारखं येऊ लागलं. राजन्ना बाहेरून तेलुगूत काहीतरी ओरडला.

"काय म्हणतात?"

"म्हणते, असे हमाल त्यानं जल्मात पाह्यले नाईत," बापू म्हणाले. "नवे हावो म्हणून सांगितलं मी. शिकतीन म्हटलं."

राजन्नाला दिसत नव्हतं. रुईत पाय वाजत नाहीत, म्हणून तो आमचा दम ऐकायचा. दमावरून त्याला कळायचं कोण तुडवतोय आणि कोण उभा आहे. नावं त्यानं विचारली नाहीत, उभं राहायच्या जागेवरून आकडे दिले. मी तिसरा, म्हणून मूडू. "मूडू!" अशी बाहेरून हाक आली की मी ऑफिसात साहेबाला भितो त्याहून जास्त भ्यायचो.

एकच गोष्ट चांगली होती. विश्रांतीची दहाची गिनती. राजन्ना ती अशी गिनायचा की सहा आणि सात यांच्या मध्ये त्याला झोप लागली असावी. दिगांबर मनोमन त्याला आशीर्वाद द्यायचा. आम्ही डोळे मिटून रुईत उभे, छाती भरून येतेय, रिकामी होतेय, वर उजेडात तंतू तरंगताहेत. बाहेरून एकेक आकडा यायचा, दूर कुठे तरी घंटा वाजल्यासारखा. एकदा मी मधेच डोळे उघडले. सगळे स्थिर होते. बापूही. त्यांचे पाय घोट्यापर्यंत रुईत गेलेले, आणि थांबलेले. मला नवल वाटलं, पण तेवढ्यात "पदी" म्हणजे दहा झालं आणि पुन्हा वीस सुरू झाले. पुढे पुढे मी रोज बघायचो. दिवसभरात बापूंचे पाय तेवढ्याच वेळी थांबत.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात एमआरओ साहेब, म्हणजे आमचे तहसीलदार, आले. सगळे उठले, मी बसून राहिलो. उठताच येईना. साहेबांना वाटलं, कारकून माजला. महिनाभर मला सगळ्यात जुन्या मिसली चाळायला बसवलं. पण ते जाऊ द्या. हळूहळू पाय ऐकायला लागले. बसमागे धावलो तर पंचवीस पावलं निघाली. सदऱ्याच्या गुंड्या आपापल्या जागी शांत बसल्या. दुपारी मिसल उघडी ठेवून मी खिडकीतून बघत बसायचो आणि आकाशातल्या ढगांकडे पाहिलं की वाटायचं, तो उत्तरेकडचा कोपरा अजून जागा आहे.

पौष सरत आला तेव्हा शांता एका संध्याकाळी माझ्या केसांतली रुई वेचत होती. वेचता वेचता म्हणाली, "एक इचारू? शेटजीची खोलीभर रुई तुमी सात जण रोज दाबून देता. त्याचे हमाल कुठं गेले मंग?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे काई नाई. फुकट हमाल भेटले शेटजीले. आन् तुमाले वाटते पोट उतरून राह्यलं."

झालं. माझ्या डोक्यात किडा शिरला. मी महसूल खात्यातला माणूस. संशय हा आमचा धर्म. दुसऱ्या दिवशी दिगांबरला गाठलं, त्यानं मास्तरांना, मास्तरांनी कंपौंडरला. संध्याकाळपर्यंत आमची खात्री झाली की बापूंनी आम्हाला शेटजीला विकलं. सुशिक्षित माणसाला एकदा फसवलं गेल्याचं सुख मिळालं की ते तो सहजी सोडत नाही. आम्ही सगळे महादूच्या हॉटेलावर गेलो. बापू आपल्या खोलग्यांत उभे राहून चहा पीत होते.

"बापू," मी म्हटलं, "आमी शेटजीचे हमाल हावो काय?"

बापू माझ्याकडे बघत राहिले. पाय जोरात चालायला लागले.

"काऊन बोलत नाई? रुई कोणाची? शेटजीची. तुडवते कोण? आमी. मंग टोळी कुठं हाये तुमची?"

"सांगण्यासारखं नाई बाबू," ते म्हणाले. "उद्या या तुमी. आठवडाभर तरी या. मंग पाहू."

एवढंच. ना खुलासा, ना राग. चोराच्या मनात चांदणं, मी सगळ्यांना म्हटलं, बघा, बोलायला तोंड नाही. उद्यापासून कोणी जायचं नाही. हे मी बोललो. दुसरा कोणी नाही, मीच.

दुसऱ्या दिवशी कोणी गेलं नाही. मी उशिरापर्यंत झोपलो. म्हणजे पडून राहिलो. पाय पहाटेच जागे झाले होते. तिसऱ्या दिवशी शांतानं विचारलं, मफलर कुठं हाये? मफलर जिनात खुंटीवर राहिला होता. तिच्या माहेरचा मफलर. मी तोंड वाकडं करून निघालो. मनात थोडं असंही होतं की बघू तरी, फुकटचे हमाल गेल्यावर बापू काय करतात.

फाटकातून आत गेलो. धुकं होतं. राजन्नाची गिनती ऐकू आली. "पदिहेनू, पदहारू..." मला धक्का बसला. म्हणजे आपले लोक मला सोडून आले की काय? जवळ गेलो तर आतून दिगांबरचा भाता ऐकू आला. मग मास्तरांचा खोकला. अरे वा, म्हटलं, माझ्यापुढे माना डोलावल्या आणि सगळे हजर. मी रागानं दाराकडे वळलो आणि तेवढ्यात "इरवै" म्हणजे वीस झालं आणि आतून कोणीतरी म्हणालं,

"आई गंऽऽ, मेलो."

तो माझा आवाज होता. हुबेहूब. मी बाहेर मफलर आणायला उभा आणि आत मी मरत होतो. सकाळची वेळ, धुकं, उपाशी पोट. खोटं कशाला सांगू, मी स्वतःच्या हाताला चिमटा काढला.

दारातून डोकावलो. आत एकटे बापू होते. दिगांबरच्या जागेवर उभे राहून भात्यासारखा श्वास सोडत होते. मग गुडघाभर रुई उपसत मास्तरांच्या जागेवर गेले, खोकले. मग भाजीवाल्यांच्या कोपऱ्यात जाऊन तिघांचे तीन वेगवेगळे हुंकार काढले. घामानं टोपी भिजली होती. चेहरा पांढरा पडला होता. बाहेर राजन्ना टोपल्यावर ताठ बसून, मान जरा तिरपी करून ऐकत होता.

बापूंनी मला पाहिलं. बोट ओठांवर ठेवलं. माझ्याकडे हात जोडले त्यांनी. माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठा माणूस.

मी जोडे काढले. पाय धुवायचंसुद्धा सुचलं नाही. धोतर खोचलं आणि तिसऱ्या जागेवर जाऊन उभा राहिलो. राजन्नानं वीस सुरू केले आणि मी तुडवायला लागलो, जन्मात तुडवलं नाही तसं. चौथ्या-पाचव्या गिनतीला राजन्ना थांबला. मान आणखी तिरपी केली.

"मूडू," तो म्हणाला. मग पुन्हा पहिल्यापासून, "ओकटी..."

फेरे संपल्यावर महादूच्या हॉटेलातला पोऱ्या राजन्नाला हात धरून चहाला घेऊन गेला. बापूंनी भिंतीला टेकवलेलं लांब दांड्याचं दाताळं उचललं आणि तुडवलेली रुई उकरायला लागले. आम्ही झोपवलेली सगळी रुई फावड्यानं माती उकरावी तशी मोकळी करत होते.

"हे काय, बापू?"

"शेटजीले मोकळी लागते," ते म्हणाले. "नवं मशीन आलं ना अवंदा. त्याची नळी दाबलेली रुई ओढत नाई. शेटजी म्हणे, तुडवा तुमाले तुडवायची त, पण मशीन सुरू व्हाच्या आंधी जशी होती तशी करून द्या."

"म्हणजे रोज? रोज तुमी एकटे हे उकरता?"

"होते दोन घंट्यात."

मशीन आलं हे सगळ्या गावाला माहीत होतं. शेटजींनी पेढे वाटले होते, मीही खाल्ले होते. त्या मशीननं काय काय बंद पडलं, हे विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं. टोळी दिवाळीलाच मोडली होती. तरणे होते ते आदिलाबादला, कोणी नागपूरला गेले. राहिले बापू आणि राजन्ना.

"राजन्ना भाकर खाईना," बापू उकरता उकरता सांगत होते. "त्याचं म्हणणं, काम नाई त अन्न नाई. तीस वर्षं माह्यासंगं ताटाले ताट लावून जेवला, आन् आता मीच आयतं खाऊ घालतो म्हणते. चार दिवस पाण्यावर राह्यला. मंग मी त्याले खोटं सांगितलं. म्हटलं, नवी टोळी भरती झाली, पहाटपाळी हाये, गिनणारा पायजे. त्याले दिसत नाई, बरं झालं. पण बाबू, टोळी आणू कुठून? पोटं पाहून एकेकाले गोळा केलं, मंग तुमी बसमांगं धावतानी पडले."

मी तिथेच रुईत खाली बसलो.

"तुमच्या पोटासाठी नोतं बाबू ते," बापू म्हणाले. "माफ करा. त्याले गिनाले माणसं पायजे होती."

मला रडू आलं, लपवत नाही. मग दुसरं दाताळं शोधलं आणि उकरायला लागलो. बोथची बस त्या दिवशी गेली. जाऊ दिली.

दुसऱ्या दिवशी सातही जण हजर होते. मी घरोघर जाऊन सांगितलं होतं. दिगांबरनं शेंगदाण्याची चिक्की आणली होती, दुकानातली नाही, घरी बायकोला करायला लावलेली.  राजन्नानं शिव्या दिल्या की आता आम्ही "हौ, हौ" म्हणायचो, आणि फेरे झाले की पाळीपाळीनं दोघं उकरायला थांबायचो. पोट तुडवण्यानं उतरलं की उकरण्यानं, हा वाद दिगांबर आणि कंपौंडर यांच्यात अजून मिटलेला नाही.

फाल्गुन लागला. कापूस संपत आला होता. एक दिवस राजन्नाला घरी पोचवायची पाळी माझी होती. माझ्या खांद्यावर हात ठेवून तो चालत होता. मोडक्यातोडक्या दखनी हिंदीत बोलायचा माझ्याशी.

"मूडू," तो म्हणाला, "नया आदमी जिन में एक महीने में सीख जाता. तुम लोगां अभी तक नहीं सीखे. ऐसे हमालां कू कौन रखता रे?"

मी चालायचा थांबलो.

"मेरेकू पहले हफ्ते में समझ में आया," राजन्ना म्हणाला. "नथ्थू कू मत बोलो."

"मग तुम्ही रोज...?" मी मराठीतच विचारलं. त्याला कळलं.

"उसका पाँव देखे तुम? टोली टूटी, तब से पाँव ठहरताइच नहीं. पहले दिन कू चलता, रात कू ठहरता था. इतना नहीं था. अब नींद में भी चलता. मैं बाजू में सोता, मेरेकू मालूम." तो जरा थांबला, श्वास घेतला. "मैं दस गिनताऊँ तो ठहरता. बस उतनाइच ठहरता. तो मैं आहिस्ता गिनताऊँ. ये मेरा काम है. काम करताऊँ, तो खाताऊँ."

मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि दोघं चालत राहिलो. सहा आणि सातच्या मध्ये त्याला झोप लागते असं मी सगळ्यांना हसत सांगत होतो, ते मला आठवत होतं.

शेवटच्या दिवशी दिगांबरनं टूम काढली की फोटो पाहिजे. त्याच्या मते त्याचं पोट गेलं होतं आणि याचा पुरावा ठेवायला हवा होता. फोटोवाला आला तिपाई घेऊन. मुनीमजींनी त्याला फाटकातच अडवलं: फ्लॅश लावायचा नाही, रुई आहे. फोटोवाला कुरकुरला. म्हणाला, फ्लॅश नाही तर उजेड कमी, सगळ्यांनी श्वास रोखून उभं राहावं लागेल. जरा हललात की पुसट येईल.

आम्ही रांगेत उभे राहिलो. राजन्नाला आत आणून पुढे टोपल्यावर बसवलं. आणि सगळ्यांचं लक्ष खाली गेलं. डावा, उजवा, डावा, उजवा.

"बापू, क्षणभर," फोटोवाला म्हणाला.

"करून राह्यलो ना," बापू म्हणाले. त्यांनी हातानं गुडघे धरले. गुडघे थांबले, तर टाचा हलायला लागल्या. चेहरा लाजेनं लाल झाला. "जाऊ द्या बावा. मले कमरेपर्यंत घ्या. तसेच घेतात सगळे."

दिगांबर म्हणाला, राहू दे मग, फोटोच नको.

तेव्हा राजन्ना मागे न बघता, सावकाश म्हणाला, "ओकटी."

मग बराच वेळ काही नाही. रुईचे तंतू खाली उतरत होते. "रेंडू," तो म्हणाला. मी खाली बघितलं. पांढऱ्या रुईत घोट्यापर्यंत गेलेले ते दोन पाय, टाचांना भेगा पडलेले, नखं झिजलेली. थांबले होते. फोटोवाल्यानं बटण दाबलं.

बदली होऊन मी आता आदिलाबादला आहे. तो फोटो बैठकीत लावलेला आहे. पुढच्या हंगामात आधी राजन्ना गेला आणि पावसाळ्याच्या तोंडाला बापू. येणारे-जाणारे फोटो बघतात, दिगांबरला हसतात, मला ओळखत नाहीत. मग हमखास विचारतात, एवढा चांगला फोटो, पण पुढं बसलेल्या म्हाताऱ्याचं तोंड काऊन पुसट आलं?

मी सांगतो, तो गिनून राह्यला होता.